जाड चाकांचा महिना

१ नोव्हेंबर, शनिवार

योगेश आज सायकल सोडून गेला. योगेश म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, कॉलेज रोडवर इलेक्ट्रिक सायकलींच्या दुकानात मॅनेजर आहे. ही त्यांची गिऱ्हाइकांना दाखवायची सायकल. महिनाभर मी ती रोजच्या कामाला वापरायची आणि महिनाअखेर त्याचा चार पानी फॉर्म भरून द्यायचा. आवडली तर निम्म्या किमतीत माझी, नाही तर परत. "मावशी, रोज थोडं थोडं लिहून ठेव. नाहीतर शेवटी चारही पानांवर ‘छान आहे’ लिहून मोकळी होशील," असं तो म्हणाला. मुलगा मला ओळखून आहे. म्हणून ही वही. फॉर्मला चालेल ते फॉर्ममध्ये जाईल, बाकीचं इथं राहील.

तर सायकल. चाकं लहान मुलाच्या सायकलीएवढी आणि टायर मात्र स्कूटरच्याहून जाड. मधोमध एक बिजागरी आहे, तिथून तिची घडी होते. घडी होते म्हणजे पिशवीत घालून न्यायची, असं मला वाटलं होतं. वजन एकोणतीस किलो आहे. माझ्या नवऱ्यानं, सोमनाथनं, उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. बॅटरी किल्लीनं निघते, तेवढीच काढून घरात नेता येते. चार्जरवर एक दिवा आहे. लाल म्हणजे बॅटरी भरतेय, हिरवा म्हणजे भरली. एवढं योगेशनं मला तीनदा समजावलं.

हे सगळं कशासाठी तेही लिहून ठेवते. माझं घरपोच वाचनालय यंदा एकोणीस वर्षांचं झालं. आठवड्यातून एकदा प्रत्येक सभासदाच्या दारात जायचं, जुनं पुस्तक घ्यायचं, नवं द्यायचं, आणि दिवाळीनंतरचे चार महिने दिवाळी अंक फिरवायचे. एके काळी दोनशेवर सभासद होते, आज एकसष्ट आहेत. पन्नासच्या खाली गेले तर पुढच्या वर्षीचे अंक घेणं जमणार नाही. त्यात माझ्या जुन्या काळ्या सायकलवर चढ चढून माझा उजवा गुडघा बोलायला लागलाय. फराळ करता करता मी आणि सोमनाथनं ठरवून टाकलं, की नोव्हेंबरअखेर आकडा पन्नासच्या खाली असेल तर बंद करायचं आणि पुस्तकं पेठ तालुक्यातल्या एका शाळेला देऊन टाकायची. मी ‘बरं’ म्हटलं. म्हणताना चकली घशात अडकली, पण ती चकली कडकच होती.

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस, आणि मी खूश आहे.

पायडल मारलं की मागून कुणीतरी हात देऊन ढकलल्यासारखं होतं. गंगापूर रोडचा चढ कधी संपला ते कळलंच नाही. दोन्ही पिशव्या मागच्या कॅरियरवर, टायर डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणतायत, आणि मी ओढणी सावरत राणीसारखी बसलेली. सिग्नलला एका रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, हिला लायसन लागतं का?" नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा आदरानं बघितलं.

सोमवारचं पहिलं घर धोंडीराम तात्यांचं. तात्या मूळचे दिंडोरीकडचे, द्राक्षबागेतली सगळी हयात. आता बाग मुलगा बघतो आणि तात्या-बयाबाई इथं फ्लॅटमध्ये असतात. काळ्या सायकलवरून त्यांच्या दारात पोचेपर्यंत माझा भाता झालेला असायचा. मग बसा, पाणी प्या, बयाबाई मूठभर मनुके हातावर ठेवणार, तात्या छाटणी झाली का, डावणीचा रोग आला का, सगळं सांगणार, की गेली पंचवीस मिनिटं. आज मला ना दम लागला होता ना तहान. बयाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या, त्यांना म्हटलं, "अहो, आज घसा सुकलाच नाही." दारातच अंक बदलला आणि निघाले. तीन मिनिटं. मनुके हुकले, पण बावीस मिनिटं वाचली.

तिसऱ्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंकडे घडीची परीक्षा झाली. त्यांच्या सोसायटीत बाहेरच्यांना पार्किंग नाही. काळी सायकल मी झाडाखाली लावायचे, पण ही दुसऱ्याची वस्तू, रस्त्यावर कशी ठेवू? वॉचमन केरू बघत उभा राहिला. तो पेठकडचा आहे. म्हणाला, "ताई, ही गाडी हाय का सायकल?" मी घडी घातली आणि ढकलत लिफ्टमध्ये नेली. सायकल लिफ्टमध्ये मावली, मग मी मावेना. शेवटी तिसऱ्या मजल्याचं बटण दाबून तिला एकटीला वर पाठवलं आणि मी जिन्यानं गेले. केरू हसून हसून बेजार झाला. पुढच्या वेळी त्याच्या खुर्चीशेजारी ठेवायची परवानगी त्यानं आपण होऊन दिली.

वत्सलाबाई म्हणजे निवृत्त मराठीच्या शिक्षिका. सगळी कॉलनी त्यांना बाई म्हणते, मीही. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात. त्यांच्याकडेही मी नेहमी बूड टेकते, सोसायटीआधीचा चढ असतो ना. आज लिफ्टमागून जिना चढूनही मला धाप नव्हती, कारण सकाळपासून पाय ताजे. उंबऱ्यावरूनच अंक दिला. बारा घरं साडेअकराला संपली, एरवी अडीच वाजतात.

फॉर्मसाठी: वेग उत्तम. वेळेची बचत, कल्पनेबाहेर.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खड्ड्यांची परीक्षा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाइपलाइनसाठी खणलेला पट्टा आहे, तिथं काळ्या सायकलचा ठोका थेट दाढेत जायचा. जाड टायरवरून गेलं तर नुसतं डुलल्यासारखं होतं. दोनदा मुद्दाम गेले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा समोरच्या फुलाबाईंनी गॅलरीतून विचारलं, "काही पडलंय का तुमचं?"

सोमनाथला रात्रीच्या जेवणाला सगळे आकडे सांगितले. तो ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात आहे, आकड्यांशिवाय त्याला काही गोड लागत नाही. तो म्हणाला, "वाचलेल्या वेळाचं काय करतेस?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

एक बारीकशी गोष्ट लक्षात आली. दारात चपला काढायच्या, निघताना घालायच्या, यातच प्रत्येक घरी दीडेक मिनिट जातं. माझ्या चपलेचा पट्टा अवघड आहे. म्हणून आता चपला काढतच नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहते. साठ घरांचे दीड तास होतात की आठवड्याला. सोमनाथला सांगितलं तर तो फक्त "हं" म्हणाला.

बाईंनी विचारलं, "या अंकात काय काय आहे ग?" मी घाईत होते. म्हटलं, "बाई, पहिल्या पानावर अनुक्रमणिका आहे." त्या म्हणाल्या, "हो, ते आहेच."

पण पुस्तक वापरावं तर बाईंनी. मी आत घातलेली परतीच्या तारखेची चिठ्ठी ज्या पानात ठेवली त्याच पानात परत येते. मागच्या अंकातली दोन पानं छापखान्यात कापायची राहून एकमेकांना जोडलेली होती. दुसऱ्या कुणी बोट घालून टर्रकन फाडली असती. बाईंनी तशीच ठेवली. याला म्हणतात शिस्त.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीन सभासद गेले. एकीनं सांगितलं, नातवंडांच्या परीक्षा आहेत. नातवंडं बंगलोरला असतात. एकानं सांगितलं, हल्ली मोबाइलवर सगळं मिळतं. तिसऱ्या घरी दारच उघडलं नाही, अंक आणि निरोपाची चिठ्ठी शेजारी ठेवली होती. अठ्ठावन्न.

दरवर्षी अंकांच्या दिवसांत उलट दोन-चार वाढतात. असो. सायकल चांगली चालली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मागचं चाक पंक्चर. पंक्चरवाल्यानं टायरकडे बघून मला विचारलं, "ट्रॅक्टर कुठं ठेवला?" ट्यूब बाहेर काढायला त्याला आणि शेजारच्या चहावाल्याला मिळून पाऊण तास लागला. फॉर्मसाठी: पंक्चर काढणाऱ्याला आधी चहा पाजावा.

आणखी तीन गेले. पंचावन्न. मी इतक्या वेळेवर, इतकी ताजीतवानी, न घामेजता दारात जाते, तरी लोकांना काय झालंय कळत नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला एका बाईनं सांगितलं, की तुमचे अंक हल्ली पूर्वीसारखे नसतात. अंक तेच आहेत, मागच्या वर्षीही तिनं तेच घेतले होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

धोंडीराम तात्यांनी बंद केलं.

दारातच सांगितलं. "ताई, आता वाचायला टाइम नाय मिळत." सत्त्याहत्तर वर्षांच्या, दिवसभर गॅलरीत बसणाऱ्या माणसाला टाइम नाही. मी म्हटलं, "तात्या, काही चुकलं का माझं?" ते म्हणाले, "छे, छे. तुमी लय कामात असता आता. बरंय." मागं बयाबाई उभ्या होत्या. आज त्यांच्या हातात तांब्या नव्हता. मला तिथून सायकलपर्यंत जाताना डोळ्यांत पाणी आलं, ते खरं सांगायला हरकत नाही. ही वही माझीच आहे.

बाईंना अंक दिला. "बरी आहेस ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, एकदम. त्या दाराला धरून उभ्या होत्या, मी जिना उतरेपर्यंत दार लागल्याचा आवाज आला नाही.

चोपन्न.

१९ नोव्हेंबर, बुधवार

यादीच बदलून टाकली. गंभीर अंक कमी, रहस्यकथा आणि पाककृती जास्त. प्रत्येकाला विचारलं, काय आवडेल? सगळे म्हणतात, काहीही चालेल. आज परत एक गेली.

सोमनाथ म्हणाला, "कारखान्यात एखादा भाग अचानक नापास व्हायला लागला की आम्ही विचारतो, काय बदललं? भाग तोच, माणूस तोच, तर काय बदललं? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो." मी म्हटलं, "म्हणूनच तर यादी बदलली." तो म्हणाला, "यादी तू नंतर बदललीस." मग त्यानं भाकरी मोडली. कधी कधी त्याचं बोलणं मला कारखान्यातच ठेवून यावंसं वाटतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

एक्कावन्न. पेठच्या शाळेचा फोन नंबर शोधून ठेवला.

पुस्तकांच्या खोलीत जाऊन उगाचच फडक्यानं कपाटं पुसली. एकोणीस वर्षं फार नसतात असं स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज खूप लिहायचं आहे.

सकाळी निघताना पडद्यावर बॅटरीची एकच काडी दिसत होती. रविवारी रात्री चार्जिंगला लावली होती, त्यामुळं पडदाच चुकत असेल असं धरून चालले. (आत्ता कळलं की बोर्डाचं बटण मी दाबलंच नव्हतं. सोमनाथनं विचारलं, दिवा लाल होता की हिरवा? दिवाच नव्हता.) बाईंच्या सोसायटीच्या अलीकडच्या चढावर सायकल मेली. एकोणतीस किलो सायकल, वर बारा किलो पुस्तकं, आणि मागून ढकलणारा हात गायब. ढकलत ढकलत गेटपर्यंत आणली तेव्हा मी काळ्या सायकलच्या दिवसांपेक्षाही घामाघूम झाले होते.

केरूनं आपली बाटली पुढं केली. म्हणाला, "बसा ताई. वर बाई दार उघडं टाकून बसल्यात. दर सोमवारी नवापासनं उघडंच असतंय." मी जाते साडेदहाला. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बॅटरी काढली, चार्जर घेतला आणि वर गेले. उंबऱ्यावर म्हटलं, "बाई, सायकल बंद पडली. तुमच्याकडे ही तासभर लावू का?" आणि चपला काढल्या. बाई खुर्चीतून उठल्या त्या इतक्या घाईनं, की मला वाटलं त्या पडतील. "लाव की, लाव. आत ये. घामानं भिजलीस बघ. ओढणी मोरपिशी आहे ना आज? छान आहे." पाणी आलं, गुळाचा खडा आला, मग पोहे करायला घेतले. ओट्यावर सगळं हातानं चाचपून चाचपून, पण भराभर.

मी पंख्याखाली बसले आणि सवयीनं बोलायला लागले. दमले की मी बोलते, ही माझी जुनीच खोड. या अंकात एक झकास गोष्ट आहे म्हटलं. एक बाई आहे, ती एक दिवस घराला कुलूप लावते आणि किल्ली विहिरीत टाकते. बाई कढईवरचा हात थांबवून म्हणाल्या, "का?" मी म्हटलं, "तेच तर. हे बघा, बावन्नाव्या पानावर आहे, वाचाच तुम्ही." आणि अंक त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो टेबलावर ठेवला. गॅस बारीक केला. समोर येऊन बसल्या आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा सरळ आवाजात म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, प्रतिभा. दीड वर्ष झालं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. माणसं दिसतात, दार दिसतं, रंग दिसतात. अक्षर दिसत नाही."

मी म्हटलं, "मग दीड वर्ष तुम्ही अंक कशाला घेत होता?"

"मराठीची मास्तरीण मी. वाचता येत नाही, असं तुला कसं सांगू? आणि तू बसायचीस ना. दम खाता खाता सांगायचीस, यात हे आहे, त्यात ते आहे, शेवट मात्र सांगणार नाही. तेवढं मला आठवडाभर पुरायचं. शेवट मी मनानं लावायचे." मग म्हणाल्या, "ही सायकल आल्यापासून तू चपलाच काढत नाहीस. आज तुला सांगणार होते, आता बंद करू म्हणून."

जोडलेली पानं आठवली. जिथल्या तिथं राहिलेली चिठ्ठी आठवली. अनुक्रमणिका पहिल्या पानावर आहे, असं मी एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला सांगितलं होतं. मला रडूच आलं. बाई म्हणाल्या, "पोहे करपतील, मग दोघी रडू." पोहे खाल्ले. गोष्ट सांगितली, किल्ली विहिरीत पडेपर्यंतच. पुढचं सोमवारी, असं ठरलं.

बॅटरी अर्धी भरेपर्यंत पावणेदोन तास लागले. मधे दोनदा बाईंनी विचारलं, "झाली का ग?" मी म्हणाले, अजून लाल आहे. त्या म्हणाल्या, "असू दे."

रात्री सोमनाथला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सापडला ना दोष?" मी म्हटलं, "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "अंदाज होता. पण तपासणाऱ्यानं भागाला हात लावायचा नसतो."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आता अडचण अशी, की कुणाच्याही दारात जाऊन ‘मी नुसती बसायला आले’ असं मला म्हणवत नाही. एकोणीस वर्षांत कधी म्हटलं नाही. दम लागायचा, म्हणून बसायचे. बसायला काहीतरी कारण लागतं. लोकांनाही लागतं. बयाबाई पाणी देणार ते तहानलेल्या माणसाला, गाडीवरून टवटवीत आलेल्या बाईला कशाला देतील?

म्हणून आज सकाळी मी घरून बॅटरी पूर्ण भरून घेतली, तात्यांच्या इमारतीखाली गेले, बॅटरी काढली आणि हातात घेऊन वर गेले. सभासद नसले म्हणून काय झालं, ओळख तर आहे. म्हटलं, "तात्या, बॅटरी उतरलीय. जरा लावू का?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, बॅटरीकडे बघितलं. म्हणाले, "लावा की. लय पॉइंट हायेत घरात." मी टीव्हीमागच्या बोर्डावर लावली. दिवा लगेच हिरवा झाला, तो दिसू नये म्हणून मी त्याच्यासमोर उभी राहिले. बयाबाईंनी तांब्या आणला, मनुके आणले. तात्या म्हणाले, "त्या मशिनकडं काय बघता, इकडं बसा. यंदा मण्यांची फुगवण बघा कशी हाय," आणि मोबाइलवर बागेचे फोटो दाखवायला लागले. पस्तीस मिनिटं. निघताना तात्या सहज म्हणाले, "त्यो अंक आणला का? असंल तर राहू द्या."

उगाच मोठ्या मनाची होऊन ‘वाचायला टाइम आहे का’ असं विचारलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसाला सहा-सात घरी बसणं होतं आता. हातात बॅटरी, खांद्यावर चार्जर. साडेतीन किलोची ती बॅटरी जिन्यानं वर नेताना थोडा दमही लागतो, तेही बरंच आहे. मोबाइलवर सगळं मिळतं म्हणणाऱ्या गृहस्थांनी त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनाही सभासद केलं, कारण मी बसलेली असताना त्या साखर मागायला आल्या. नातवंडांच्या परीक्षा संपल्या म्हणे. अठ्ठावन्न.

सोमनाथ म्हणाला, "हिरवा दिवा बघून लोकांना कळेल एक दिवस." मी म्हटलं, "कोण बघतंय? आपल्या लोकांना यंत्रातलं काही कळत नाही." तो भाकरीकडे बघून हसला.

३० नोव्हेंबर, रविवार

योगेश फॉर्म न्यायला आला आणि वाचता वाचता गंभीर झाला. "मावशी, रोजचं अंतर नऊ किलोमीटर लिहिलंयस आणि चार्जिंग रोज सहा वेळा. ही एका चार्जिंगमध्ये चाळीस जाते. बॅटरीत खोट आहे. मी ती उद्याच बदलून आणतो."

मी म्हटलं, बॅटरीला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "अगं पण सहा वेळा?" मी म्हटलं, "मला लागतं." बिचारा सोमनाथकडे बघायला लागला. सोमनाथ म्हणाला, "पास आहे, घेऊन टाक सही." तरी ‘चार्जिंगविषयी तक्रार’ या रकान्यात योगेशनं स्वतःच्या हातानं ‘ग्राहक समाधानी, कारण अस्पष्ट’ असं लिहिलं. सायकल माझी झाली. एकोणसाठ सभासद आहेत. पेठच्या शाळेला आमच्याकडच्या जादा प्रती तरी द्यायच्या असं ठरलं, फोन नंबर फुकट जायला नको.

काळी सायकल पुसून जिन्याखाली ठेवली. तिच्यावर राग नाही.

१ डिसेंबर, सोमवार

वर पोचले तेव्हा बाईंचं दार उघडं होतं. खुर्चीतून म्हणाल्या, "ये. आज पिवळी ओढणी." मी चपला काढल्या, पट्टा अवघडच आहे, सावकाश काढल्या. पोह्यांचा वास येत होता. दोन बश्या आधीच मांडून ठेवल्या होत्या.

बॅटरी सकाळीच घरी भरून घेतलेली. तीच बाईंच्या खुर्चीशेजारच्या बोर्डावर लावली, आणि दिवा त्याच क्षणी हिरवागार. तात्यांकडे टीव्हीमागं लपतो, इथं तो थेट बाईंच्या डोळ्यांसमोर.

बाईंनी विचारलं, "किती वेळ लागेल ग?"

"तास तरी लागेल," मी म्हटलं. "साफ उतरलीय."

त्या थोडा वेळ चार्जरकडे बघत राहिल्या. मग वाकल्या, हातानं चाचपून तो उचलला आणि तोंड भिंतीकडे करून ठेवला. म्हणाल्या, "हा लाल दिवा डोळ्यांना फार लागतो मेला."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. हिरव्याला लाल म्हणाल्या, म्हणजे त्यांना काही कळलं नव्हतं. उगाच घाबरले होते. सोमनाथला सांगायला हवं, की एवढं काही कुणी बघत नाही.

"बस आता," बाई म्हणाल्या. "किल्ली विहिरीत टाकली, इथवर आलो होतो."